पहाटे तीन वाजता सर्व्हर काय करतो?

(संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या कार्यशाळेतील भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात तुम्ही न्यूज सर्व्हर बसवलात. आयएनएनडी चालू झाला, पोर्ट ११९ वर उत्तर आलं, कुणीतरी पहिली चाचणी पोस्ट टाकली आणि टाळ्या वाजल्या. छान. पण सर्व्हर बसवायला एक दुपार लागते आणि तो सांभाळायला वर्षं लागतात. इंटरनेटवर 'कसं बसवायचं' याचे शेकडो व्हिडिओ मिळतील, 'दुसऱ्या दिवशी काय करायचं' याचे फार थोडे. म्हणून मी त्या दुसऱ्या दिवसाबद्दल बोलणार आहे. सर्व्हरला कोणत्या सहायक फाइली लागतात, त्यात काय लिहायचं आणि रोज रात्री आपण झोपलेले असताना त्याने कोणती कामं उरकायची, एवढाच विषय.

एक सूचना आधीच. हे भाषण छापलं जाणार आहे, म्हणून फाइलींची नावं आणि आज्ञा मी देवनागरीत सांगतोय. मशीनवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या, आकडेसुद्धा.

न्यूज सर्व्हर ही काय भानगड आहे, हे जे दुपारनंतर आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस हे दोन विद्यार्थी विचार करत होते की दोन विद्यापीठांच्या मशीनमध्ये फोन लाइनवरून संदेशांची देवाणघेवाण कशी करता येईल. शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिनने त्याची पहिली आवृत्ती चक्क शेल स्क्रिप्टमध्ये लिहिली. त्यातून यूजनेट उभं राहिलं. विषयवार गट, प्रत्येक गटात लेख, आणि प्रत्येक सर्व्हरकडे त्या लेखांची स्वतःची प्रत. मध्यभागी कुणी मालक नाही. माझ्या सर्व्हरवर तुम्ही लिहिलंत की तो शेजारच्या सर्व्हरला देतो, तो त्याच्या शेजाऱ्याला. आपण आज जे सॉफ्टवेअर बसवलं ते आयएनएन, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिच साल्झ यांनी लिहिलेलं. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आहेत.

मराठीलाही यात जागा होती. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी नावाचा गट होता. परदेशात शिकायला गेलेली मुलं तिथे रोमन अक्षरांत मराठी लिहायची, कारण देवनागरी टाइप करायची सोपी सोय तेव्हा नव्हती. त्या काळचं बरंच लिखाण पुढे गूगल ग्रुप्समध्ये जमा झालं. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने यूजनेटसाठी आपला दरवाजा बंद केला. जुनं वाचता येतं, पण तिथून नवीन पोस्ट टाकता येत नाही आणि नवीन पोस्ट तिथे येतही नाहीत. यूजनेट मात्र बंद पडलं नाही. जे छोटे सर्व्हर कुणीतरी स्वतःच्या हाताने चालवत होतं, ते चालूच राहिले. गूगलवरून येणारी स्पॅम थांबल्यामुळे तर त्यातल्या अनेकांना हायसं वाटलं.

आता आपल्या सरावातल्या सर्व्हरकडे येऊ. आपण गटांचं नाव ठेवलंय 'अभ्यास'. त्यात अभ्यास.शिष्यवृत्ती, अभ्यास.प्रश्नपत्रिका, अभ्यास.नोकरी आणि अभ्यास.गप्पा. व्हॉट्सॲपवर हे सगळं चालतंच, मग सर्व्हर कशाला, असा प्रश्न सकाळी एकाने विचारला. एक उदाहरण देतो. मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली, पण आधीपासून ती मिळवणाऱ्या संशोधकांची मुदत पुढे चालू राहिली. अशा एखाद्या मुलीला आज थकलेल्या रकमेसाठी अर्ज करायचा असेल, तर तिला जुने अर्जाचे नमुने हवेत, कुणी कुणाला काय लिहिलं, त्यावर काय उत्तर आलं, हे हवं. व्हॉट्सॲपवर हे शोधायचं म्हणजे ज्याने मोबाइल बदललेला नाही असा माणूस शोधायचा. अभ्यास.शिष्यवृत्ती गटात ते एका धाग्यात, तारखेनिशी पडलेलं असतं. म्हणजे आपण ते पुसलं नसेल तर. आणि गंमत अशी की आपण काहीच केलं नाही, तर आयएनएन ते पुसतो. याच मुद्द्यावर आज मी जास्त वेळ घेणार आहे.

पण आधी दोन सोप्या फाइली. पहिली ॲक्टिव्ह. सर्व्हरवर कोणकोणते गट आहेत याची ही हजेरीवही. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: गटाचं नाव, शेवटच्या लेखाचा क्रमांक, सगळ्यात जुन्या शिल्लक लेखाचा क्रमांक आणि एक अक्षर. क्रमांक दहा अंकी लिहिले जातात, पुढे शून्यं भरून. शेवटचं अक्षर वाय असेल तर कुणीही लिहू शकतो, एन असेल तर इथून लिहिता येत नाही, एम असेल तर लेख आधी संपादकाकडे जातो. कंट्रोल आणि जंक या नावांचे गट त्यात आधीपासून असतात. 'हे काय कचरा आहे' म्हणून ते काढून टाकू नका, सर्व्हरला ते लागतात.

ॲक्टिव्ह ही फाइल चालू सर्व्हरवर थेट एडिटरने उघडून बदलायची नाही. आयएनएनडी तिच्यात सतत क्रमांक लिहीत असतो. गट वाढवायचा तर सीटीएलआयएनएनडी न्यूग्रुप ही आज्ञा, काढायचा तर सीटीएलआयएनएनडी आरएमग्रुप. अगदीच हाताने बदलायची वेळ आली तर आधी सीटीएलआयएनएनडी थ्रॉटल करून कारण लिहायचं, मग फाइल बदलायची, मग रीलोड, आणि मग तेच कारण अक्षरशः तसंच लिहून गो. कारण जुळलं नाही तर सर्व्हर पुढे जाऊ देत नाही. सुरुवातीला याचा कंटाळा येतो. पण दोन माणसं एकाच वेळी सर्व्हरवर काम करत असली की याचा उपयोग कळतो: तुम्ही ज्या कारणासाठी थांबवलाय, ते काम अर्धवट असताना दुसरा कुणी चुकून सुरू करू शकत नाही.

त्या क्रमांकांना हलक्यात घेऊ नका. वाचकाचं सॉफ्टवेअर 'कोणत्या गटात मी कितव्या क्रमांकापर्यंत वाचलं' एवढंच लक्षात ठेवतं. समजा ॲक्टिव्ह फाइल गेली आणि तुम्ही कोरी बनवलीत. गट १२४० वर होता, तो परत १ पासून सुरू झाला. वाचकाचं सॉफ्टवेअर म्हणेल, १२४० पर्यंत तर वाचून झालंय. नवे लेख येत राहतील आणि त्याला काहीच दिसणार नाही. सर्व्हरवर कुठे एररही दिसणार नाही. म्हणून बॅकअप घेताना ॲक्टिव्ह सगळ्यात आधी. लेख आणि ओव्हरव्ह्यू शाबूत असतील तर सीटीएलआयएनएनडी रीनंबर हे क्रमांक पुन्हा जुळवू शकतं, पण त्या भरवशावर राहायचं कशाला?

दुसरी फाइल न्यूजग्रुप्स. यात गटाचं नाव आणि त्याचं एका ओळीतलं वर्णन, मध्ये टॅब. न्यूग्रुप आज्ञा दिली की ॲक्टिव्हमध्ये ओळ येते, पण इथे वर्णन तुम्हालाच घालावं लागतं, आणि बहुतेक जण ते विसरतात. मग यादीत नुसती नावं दिसतात. हे वर्णन यूटीएफ-८ मध्ये लिहायचं असतं, म्हणजे मराठी चालतं. अभ्यास.शिष्यवृत्तीपुढे 'सरकारी व खाजगी शिष्यवृत्त्या, अर्ज, मुदती, थकबाकी' असं सरळ लिहा. गटाचं नाव मात्र साध्या रोमन छोट्या अक्षरांत ठेवा. नावात देवनागरी घालायचा हट्ट केलात तर निम्मी सॉफ्टवेअरं अडखळतील. जगभरच्या गटांची यादी हवी असेल तर आयएससीच्या सर्व्हरवर या दोन्ही फाइली तयार मिळतात. सगळी यादी उतरवून घेऊ नका. जे गट तुम्ही स्वतः वाचाल तेवढेच घ्या.

संपादक असलेल्या गटांसाठी मॉडरेटर्स नावाची फाइल आहे. गटाच्या नावाचा नमुना, मग मेलचा पत्ता. जगातल्या गटांसाठी शेवटी एक सर्वसाधारण ओळ असते, जी लेख आयएससीच्या पत्त्यावर पाठवते आणि तिथून तो त्या त्या संपादकाकडे जातो. आपल्या स्थानिक गटांची ओळ तिच्या वर लिहायची, कारण या फाइलीत जी ओळ आधी जुळते ती चालते.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता नेमकं उलटं येणार आहे.

एक्स्पायर.सीटीएल. कोणता लेख किती दिवस ठेवायचा हे या फाइलीत लिहिलेलं असतं. आयएनएनसोबत जी नमुना फाइल येते तिच्यातली मुख्य ओळ साधारण अशी असते: तारा, ए, १, १०, नेव्हर, प्रत्येकाच्या मध्ये कोलन. तारा म्हणजे सगळे गट. ए म्हणजे संपादक असलेले आणि नसलेले, दोन्ही. पुढचे तीन आकडे दिवसांचे. लेख लिहिणाऱ्याला 'हा लेख अमुक तारखेला काढून टाका' असं शीर्षकात लिहिता येतं. त्याची ती इच्छा किती मानायची याच्या खालच्या आणि वरच्या मर्यादा म्हणजे पहिला आणि तिसरा आकडा. मधला आकडा ज्यांनी तारीख लिहिलेली नाही त्यांच्यासाठी, म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी. तो १० आहे. दहा दिवस. तुमच्या शिष्यवृत्तीच्या धाग्याला अकराव्या दिवशी सकाळी जागा नाही.

१० हा आकडा चुकीचा नाही. ज्या काळात डिस्क महाग होती आणि जगभरचे लेख धो धो यायचे, त्या काळातलं ते शहाणपण आहे. आपली गरज वेगळी आहे, म्हणून आपण त्या खाली आपल्या ओळी घालायच्या. अभ्यास.* साठी ए, नेव्हर, नेव्हर, नेव्हर. म्हणजे कधीच काढू नका, लिहिणाऱ्याने तारीख घातली तरी. त्याच्या खाली अभ्यास.नोकरी साठी १, ३०, ९०, कारण मुदत संपलेल्या जाहिराती साठवून कुणाचं भलं होत नाही, उलट कुणीतरी जुन्या जाहिरातीवर अर्ज करून बसतो. अभ्यास.गप्पा साठी मी ६० दिवस ठेवेन. गप्पांना विसरलं जाण्याचा हक्क असावा असं माझं मत आहे, पण हे तुम्ही आपसात ठरवा. हा निर्णय एकट्या ॲडमिनने रात्री बसून घ्यायचा नाही.

आणि क्रम. एक्स्पायर.सीटीएलमध्ये जी ओळ शेवटी जुळते ती चालते. म्हणून सर्वसाधारण ताऱ्याची ओळ वर, खास ओळी खाली. कुणी 'नीटनेटकं दिसावं' म्हणून ताऱ्याची ओळ सगळ्यात खाली नेली, तर तुमच्या सगळ्या नेव्हर निरर्थक होतात आणि त्या रात्री पहाटे तीनला दहा दिवसांपूर्वीचं सगळं जातं. फाइलीची मांडणी बरोबर असल्यामुळे कुठलाही इशारा येत नाही. इनचेक ही तपासणी करणारी आज्ञासुद्धा गप्प बसेल, कारण तिच्या दृष्टीने तुम्ही वैध फाइल लिहिली आहे. कंट्रोल.सीटीएल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या 'गट बनवा, गट काढा' अशा संदेशांपैकी कुणाचं ऐकायचं हे ठरवणारी फाइल, तीही शेवटची जुळणी मानते. स्टोरेज.कॉन्फ आणि मॉडरेटर्स पहिली. याला काही तर्क आहे का? मला सापडला नाही. फाइलीच्या डोक्यावर मराठीत एक टीप लिहून ठेवा: 'इथे शेवटची ओळ चालते.' हॅशने सुरू होणारी ओळ सर्व्हर वाचत नाही, पुढचा ॲडमिन वाचतो.

स्टोरेज.कॉन्फचं नाव निघालंच आहे तर तिथे एक सापळा आहे. लेख साठवण्याच्या अनेक पद्धती आयएनएनमध्ये आहेत. त्यातली एक सीएनएफएस. यात ठरावीक आकाराच्या मोठ्या फाइली असतात, आणि भरल्या की सर्व्हर पुन्हा सुरुवातीपासून जुन्यावर नवं लिहू लागतो. डिस्क कधी भरत नाही, म्हणून ती बाहेरून येणाऱ्या गटांसाठी उत्तम. पण तिथे एक्स्पायर.सीटीएलमधला नेव्हर लेखाला वाचवू शकत नाही. फेरा पूर्ण झाला की लेख गेला. म्हणून आपले 'अभ्यास'चे गट ट्रॅडस्पूलवर ठेवा, जिथे प्रत्येक लेख ही एक साधी फाइल असते आणि गटाच्या नावाची फोल्डरं बनतात. ती पद्धत जुनी आणि हळू आहे. पण उद्या आयएनएन राहिलं नाही तरी ती फोल्डरं कुठल्याही मशीनवर उघडून वाचता येतील. आपल्या आकाराच्या कामाला मला तेच महत्त्वाचं वाटतं.

एक्स्पायर.सीटीएलच्या वरच्या भागात रिमेंबर नावाची आणखी एक ओळ दिसेल, तिच्यापुढे ११. लेख काढून टाकल्यावरही त्याचा ओळख क्रमांक हिस्टरी फाइलीत इतके दिवस लक्षात ठेवायचा, असा तिचा अर्थ. शेजारच्या सर्व्हरने तोच लेख पुन्हा पुढे केला तर 'हा पाहिलाय' म्हणून नाकारता यावा यासाठी. आयएनएन.कॉन्फमध्ये आर्टकटऑफ १० असतो, म्हणजे दहा दिवसांहून जुना लेख बाहेरून घेतच नाहीत. त्यापेक्षा एक दिवस जास्त, म्हणून ११. एक आकडा वाढवलात तर दुसराही वाढवा.

आता रात्रीची कामं. आयएनएनने एक उपकार केला आहे: बहुतेक सगळी नित्याची कामं न्यूज.डेली या एकाच स्क्रिप्टमध्ये बांधली आहेत. ती सर्व्हरची स्थिती लिहून काढते, लॉग फिरवते, त्यांचा अहवाल बनवते, मुदत संपलेल्यांची नोंद हिस्टरीतून काढते आणि शेवटी सगळ्याची मेल पाठवते. क्रॉनमध्ये ओळ घालायची ती अशी: ० ३ * * * आणि पुढे न्यूज.डेलीचा पूर्ण पत्ता, मग एक्स्पायरओव्हर लोमार्क हे दोन शब्द. ट्रॅडस्पूल असेल तर तिसरा शब्द डिलेआरएम. एक्स्पायरओव्हरने गटांच्या अनुक्रमणिका साफ होतात, लोमार्कने ॲक्टिव्हमधले जुने क्रमांक सुधारतात, आणि डिलेआरएममुळे काढायच्या फाइलींची आधी यादी बनते व त्या नंतर एकत्र पुसल्या जातात, जे एकेक पुसण्यापेक्षा वेगवान आहे.

ही ओळ रूटच्या क्रॉनमध्ये घालायची नाही. न्यूज नावाच्या वापरकर्त्याच्या क्रॉनमध्ये घालायची. सर्व्हर न्यूज म्हणून चालतो. काही हत्यारं रूट म्हणून चालवलीत तर नकार देतात, जी देत नाहीत ती रूटच्या मालकीच्या फाइली मागे सोडतात आणि सकाळी सर्व्हरला त्यात लिहिता येत नाही. डेबियनचं पॅकेज वापरत असाल तर क्रॉनची फाइल पॅकेजबरोबरच येते. आधी ती बघा, मग स्वतःची ओळ लिहायची का ते ठरवा.

तीन कुणाचे, हा प्रश्न कुणीच विचारत नाही. भाड्याने घेतलेला सर्व्हर बहुतेकदा यूटीसी वेळेवर चालतो. यूटीसीचे तीन म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. परीक्षेच्या दिवसांत मुलं नेमकी तेव्हा प्रश्नपत्रिका शोधत असतात आणि तेव्हाच डिस्क घरघरत असते. आपले पहाटेचे तीन हवे असतील तर यूटीसीत २१:३० लिहा, म्हणजे क्रॉनमध्ये ३० २१. रमजानमध्ये आपल्या वाचकांसाठी पहाट ही काही सामसूम वेळ नसते, सहरीला उठलेली मंडळी फोन हातात घेऊन बसलेली असतात. त्या महिन्यात मी काम दुपारी ढकलेन.

न्यूज.डेलीला जागाही लागते. हिस्टरी फाइल ती जागच्या जागी दुरुस्त करत नाही. नवी शेजारी बनवते आणि मग अदलाबदल करते. म्हणजे काही काळ दोन्ही डिस्कवर असतात. डिस्क ९५ टक्के भरेपर्यंत वाट पाहिलीत तर साफसफाई करायलाच जागा उरत नाही.

डिस्क खरोखर भरली तर काय होतं? आयएनएनडी लेख लिहायला जातो, जागा मिळत नाही, तो स्वतःला थ्रॉटल करतो आणि थांबतो. तुम्ही जागा मोकळी केलीत तरी आपणहून सुरू होत नाही, गो म्हणावं लागतं. दरम्यान एखाद्या मुलाने पोस्ट लिहिली तर ती हरवते का? नाही. वाचकांशी बोलणारा एनएनआरपीडी ती बाजूला इनकमिंग नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. पण तिथून ती उचलून सर्व्हरला पुन्हा देण्याचं काम आरन्यूज करते, आणि ते क्रॉनमध्ये दर तासाला आरन्यूज वजा यू अशी ओळ असेल तरच. ती ओळ नसेल तर पोस्ट तिथेच पडून राहते. लिहिणाऱ्याला वाटतं गेली, वाचणाऱ्याला वाटतं त्याने लिहिलीच नाही, आणि दोघांचं भांडण होतं. एका ओळीचं काम आहे, आजच घाला.

सर्व्हर भरण्याआधीच सावध व्हावा यासाठी इनवॉच आहे. तो दर दहा मिनिटांनी मोकळी जागा आणि मशीनवरचा ताण बघतो. त्याची जागेची मूळ मर्यादा मात्र आजच्या मानाने हास्यास्पद लहान आहे, सुमारे २५ एमबी. आयएनएन.कॉन्फमध्ये ती वाढवा, निदान एक जीबी.

अहवालाची मेल यूजनेट या नावाने मशीनवर जाते. एलियासेस फाइलीत त्या नावापुढे खऱ्या माणसांचे पत्ते घालायचे, आणि किमान दोघांचे. अनेक भाड्याच्या सर्व्हरवर बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद असतो, म्हणजे अहवाल बनतो आणि कुणालाच मिळत नाही. अशा वेळी न्यूज.डेलीला नोमेल हा शब्द द्या, अहवाल एका फाइलीत वळवा आणि ती फाइल सकाळी तुमच्या ग्रुपवर टाकणारी छोटी स्क्रिप्ट लिहा. अहवालात पहिल्या आठवड्यात सगळं वाचा. नंतर दोनच गोष्टी: डिस्कची टक्केवारी, आणि कालपेक्षा काय वेगळं आहे. नाकारलेले लेख अचानक शेकड्यांनी वाढले असतील तर शेजारच्या सर्व्हरवर काहीतरी झालंय. अहवाल आलाच नाही, तर तोच सगळ्यात मोठा अहवाल.

लॉगबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. एनएनआरपीडी कोणत्या पत्त्यावरून कोण जोडलं गेलं, त्याने कोणत्या गटातले किती लेख वाचले, हे न्यूज.नोटीसमध्ये लिहितो. तांत्रिक दृष्टीने ती दुरुस्तीसाठीची नोंद आहे. माणसांच्या दृष्टीने ती 'कोण काय वाचतं' याची यादी आहे. तुमच्या गावातल्या एखाद्या मुलीने नोकरीचा गट रोज वाचला हे तिच्या घरी माहीत नसेल, तर ते तुमच्यामुळे कळायचं कारण नाही. आयएनएन मुळात तीनच दिवसांचे जुने लॉग ठेवतो, लॉगसायकल्स ३. मला ते आवडतं. पण भारतात सर्ट-इनचे एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, त्यानुसार सेवा देणाऱ्यांनी, मध्यस्थांनी आणि कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे असतात. तुम्ही चार मित्रांचा सर्व्हर कॉलेजच्या आत चालवता की लोकांना उघडी सेवा देता, यावर तुमची जागा ठरते. एखाद्या वकिलाला विचारा, आणि मग लॉगसायकल्समध्ये विचारपूर्वक आकडा लिहा. १८० ठेवायचे ठरलं तर ते लॉग कोण उघडू शकतं हेही त्याच दिवशी ठरवा, आणि एमओटीडी फाइलीत वाचकांना मराठीत सांगा की नोंद होते आणि इतके दिवस राहते.

एक व्यावहारिक बाब. लॉग फिरवण्याचं काम न्यूज.डेली करते. मशीनच्या लॉगरोटेटलाही तेच काम सांगितलं असेल तर दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि अहवालात अर्धाच दिवस दिसतो. न्यूजचे लॉग त्याच्या यादीतून काढा.

मशीन रीस्टार्ट झाल्यावर आरसी.न्यूज चालायला हवी, तीही न्यूज वापरकर्ता म्हणूनच. ती सर्व्हर सुरू करते, इनवॉचही सुरू करते, आणि न्यूज.डेलीची शेवटची खूण जुनी दिसली तर तशी मेल पाठवते. हे आजच तपासून घ्यायचं असेल तर एकच उपाय, मशीन रीस्टार्ट करून बघा. आज तुमच्या सर्व्हरवर चाचणी पोस्टशिवाय काही नाही. सहा महिन्यांनी असं करायला हात धजणार नाही.

बॅकअपमध्ये काय घ्यायचं, हे एकाने चिठ्ठीवर लिहून पाठवलंय. ॲक्टिव्ह, न्यूजग्रुप्स, सगळ्या कॉन्फ आणि सीटीएल फाइलींचं फोल्डर, आणि ट्रॅडस्पूलमधलं 'अभ्यास'चं फोल्डर. हिस्टरी आणि ओव्हरव्ह्यू नाही घेतलं तरी चालेल, मेकहिस्टरी ही आज्ञा लेखांवरून ते पुन्हा उभं करते, वेळ लागतो इतकंच. कॉपी दुसऱ्या शहरातल्या मशीनवर ठेवा. आणि महिन्यातून एकदा ती कॉपी उघडून एखादा जुना धागा वाचून बघा.

आता लॅपटॉप उघडा. प्रत्येक गटाने आधी इनचेक चालवा, मग एक्स्पायर.सीटीएल उघडा आणि ताऱ्याची ओळ कुठे आहे ते मला दाखवा. क्रॉनमध्ये मी तुमच्यासाठी वेळ दहा मिनिटांनंतरची ठेवतोय, म्हणजे पहाटेपर्यंत थांबावं लागणार नाही.